'तुघलक' आणि 'घाशीराम कोतवाल': चुकलेले राज्यकर्ते आणि त्यांची जबाबदारी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ही दोन नाटकं एकत्र का वाचायची? एक दिल्लीच्या सुलतानाचं, दुसरं पेशवाईतल्या पुण्याचं.

पहिलं कारण अगदी साधं आहे: दोन्ही नाटकं एकाच माणसाच्या हाताखालून गेली आहेत. गिरीश कर्नाडांनी 'तुघलक' कन्नडमध्ये १९६४ साली लिहिलं आणि ते मराठीत आणलं विजय तेंडुलकरांनी. १९७१ मध्ये 'आविष्कार' संस्थेने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली ते रंगमंचावर आणलं. तुघलकाची भूमिका अरुण सरनाईकांनी केली. लगेच पुढच्या वर्षी, १६ डिसेंबर १९७२ रोजी, पुण्यात तेंडुलकरांच्या स्वतःच्या 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. पहिल्या नाटकामुळे दुसरं सुचलं, असं मी म्हणणार नाही. तसा माझ्याकडे पुरावा नाही आणि लेखकाच्या डोक्यात शिरून बोलायला मला आवडत नाही. पण जो लेखक तुघलकाची प्रत्येक ओळ मराठीत घडवत होता, त्याच्याच लेखणीतून थोड्याच काळात 'घाशीराम'मधला नाना फडणवीस उतरला. ही दोन नाटकं शेजारी ठेवून वाचायला मला एवढं पुरतं.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दोन्ही नाटकांत सत्ता असलेला माणूस चुकतो, आणि त्या चुकीची किंमत मोजतात दुसरीच माणसं. पण दोघांच्या चुकण्याची जात वेगळी आहे. तो फरक नीट कळला की 'जबाबदारी' हा रोज वापरून गुळगुळीत झालेला शब्द पुन्हा टोचायला लागतो.

कथा थोडक्यात सांगाल का? नाटकं वाचून बरीच वर्षं झाली.

'तुघलक' १३ प्रवेशांचं आहे. सुलतान महंमद तुघलक हा विद्वान आहे, बुद्धिबळाचा शौकीन आहे, आणि हिंदू-मुसलमान भेद न करणारं राज्य उभारायची त्याला आस आहे. तो राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवायचं ठरवतो आणि तांब्याच्या नाण्याला चांदीच्या नाण्याइतकीच किंमत देतो. त्याच्याविरुद्ध कट होतो, तोही नमाजाच्या वेळी. कट मोडल्यावर तो सार्वजनिक नमाजावरच बंदी घालतो. दिल्ली ते दौलताबाद रस्त्यावर माणसं मरतात, खोट्या नाण्यांनी खजिना रिकामा होतो, आणि जवळची माणसं एकेक करून जातात किंवा मारली जातात. या सगळ्याला समांतर अझीज नावाच्या भामट्याची कथा चालते. सुलतानाच्या प्रत्येक सुधारणेत तो आपल्या कमाईची वाट शोधतो.

'घाशीराम'मध्ये कनोजहून आलेला गरीब ब्राह्मण पुण्यात चोरीच्या खोट्या आळापायी मार खातो, कोठडीत पडतो आणि शहराबाहेर हाकलला जातो. तो सूडाची शपथ घेतो. नाना फडणवीसांची नजर आपल्या मुलीवर, गौरीवर, आहे हे हेरून तो तिला त्यांच्या स्वाधीन करतो आणि बदल्यात कोतवाली मागून घेतो. मग पुण्यात रात्रीचं काहीही करायचं तर परवाना लागतो, आणि छळ सुरू होतो. गौरी बाळंतपणात मरते. तेलंगणातून आलेले ब्राह्मण कोठडीत गुदमरून मरतात, जमाव नानांच्या वाड्यावर चाल करून येतो, आणि नाना घाशीरामाला जमावाच्या हवाली करतात.

आपण 'तुघलकी कारभार' म्हणतो. म्हणजे तुघलक वेडाच होता ना? मग त्याला जबाबदार कसं धरायचं?

हा प्रश्न दर वर्षी येतो. तो येतो यात आपल्या भाषेचाही वाटा आहे. नगरपालिकेने रात्रीत रस्ता एकेरी केला की दुसऱ्या दिवशी बातमीत 'तुघलकी फर्मान' असतं. शब्द सोयीचा आहे, पण तो राज्यकर्त्याला सोडवतो. वेडाला जाब कोण विचारणार?

कर्नाडांचा महंमद वेडा नाही. त्याच्या निर्णयामागे तर्क असतो, आणि तो बहुतेक वेळा दरबारातल्या इतर कुणापेक्षाही चांगला असतो. दिल्ली सरहद्दीला जवळ, म्हणून हल्ल्याच्या तोंडावर. दौलताबाद साम्राज्याच्या मध्यावर, शिवाय तिथली वस्ती मुख्यतः हिंदूंची, म्हणून दोन समाजांना जोडायला योग्य जागा. तांब्याच्या नाण्यामागची कल्पनाही आजच्या वाचकाला मुळीच वेडगळ वाटायला नको. खिशातल्या नोटेच्या कागदाला तरी स्वतःची किंमत कुठे असते? ती चालते विश्वासावर.

गोची तिथेच आहे. ज्या राजाने नमाजाच्या वेळी बाप आणि भाऊ मारल्याचा संशय सगळ्यांना आहे, त्याच्या शब्दावर लोकांनी तांबं चांदी म्हणून घ्यायचं. कल्पना बरोबर होती, पण ती ज्या पायावर उभी राहणार होती तो त्याने स्वतःच आधी उखडला होता. याला वेड म्हणता येत नाही, आणि म्हणूनच त्याला जबाबदार धरता येतं.

आणि नाना? ते तर साडेतीन शहाण्यांतले. नाटकातले नाना इतिहासातले नाना आहेत का?

नाहीत, आणि हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. पेशवाईतल्या साडेतीन शहाण्यांत सखारामबापू बोकील, देवाजीपंत चोरघडे आणि विठ्ठल सुंदर हे पूर्ण शहाणे, आणि तलवार न चालवणारे नाना अर्धे, असं आपण ऐकत आलो. इतिहासातले नाना (१७४२ ते १८००) हे बारभाईंच्या कारस्थानाचे एक सूत्रधार. इंग्रजांशी झुंज आणि १७८२ चा सालबाईचा तह त्यांच्या कारकिर्दीतला, १७९५ ची खर्ड्याची लढाईही त्यांच्याच काळातली. वाईजवळच्या मेणवलीला त्यांचा वाडा आणि घाट आजही उभा आहे. कधी गेलात तर घाटाच्या पायऱ्यांवर बसून या माणसाबद्दल शांतपणे विचार करा. तो फक्त लंपट म्हातारा नव्हता.

तेंडुलकरांनी आपलं नाटक ऐतिहासिक नसल्याचं सांगितलं होतं. घाशीराम नावाचा कोतवाल पुण्यात खरोखर होता आणि १७९१ साली जमावाच्या दगडांनी मेला, एवढा धागा इतिहासाचा. नाटक विचारतं ते वेगळंच: घाशीराम तयार कोण करतो? त्यासाठी लेखकाने नानांचं मुत्सद्दीपण बाजूला ठेवलं आणि त्यांच्यातली फक्त सत्ता आणि वासना शिल्लक ठेवली. हे अन्यायाचं आहे असं ज्यांना वाटतं, त्यांच्याशी मी भांडणार नाही. खऱ्या माणसाचं नाव वापरल्याची किंमत असते. पण नाटकातल्या नानांचा विचार करताना मात्र नाटकातलेच नाना धरले पाहिजेत. महंमदाचंही तसंच. त्याच्या दरबारात बरनी आहे, जो खऱ्या इतिहासकार झियाउद्दीन बरनीवरून घेतला आहे, पण म्हणून हे नाटक बखर होत नाही.

'जबाबदारी' म्हणजे इथे नेमकं काय धरायचं?

शब्दाकडेच पाहा. जबाबदार म्हणजे ज्याला जबाब द्यावा लागतो तो. मनात बोचणी लागली म्हणजे माणूस जबाबदार झाला असं नाही. कुणीतरी समोर उभं राहून विचारायला हवं, आणि ह्याला उत्तर देणं भाग पडायला हवं. दोन्ही नाटकांना ही कसोटी लावा.

महंमदाला बोचणी प्रचंड आहे. रात्र रात्र झोप नाही, देवाशी बोलणं आहे, आपण भरकटलो याची लख्ख जाणीव आहे. पण तो जबाब देतो स्वतःला आणि देवाला. रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या बायकोला नाही.

नानांना बोचणी नाहीच. कुणाला जबाब द्यावा लागू नये अशी व्यवस्थाच ते आधी करून ठेवतात, आणि त्या व्यवस्थेचं नाव घाशीराम. त्याला कोतवाली देताना नाना स्वतःशी जे बोलतात ते नाटकाचं हृदय आहे. हा परका आहे, म्हणून पुण्यातल्या कटवाल्या ब्राह्मणांना कधी मिळणार नाही, आणि आमची पापंही त्याच्याच खात्यावर जमा होतील. फडणिशी म्हणजे दप्तराचं, हिशेबाचं काम. हिशेबातल्या या माणसाने आपल्या पापाचं खातं दुसऱ्याच्या नावावर उघडलं.

तुघलक निदान पहिल्या प्रवेशात स्वतःवर खटला चालवून घेतो. ते जबाबदारीचं लक्षण नाही का?

आहे. तो प्रसंग हलक्या हाताने घेऊ नये. १३२७ सालची दिल्ली. एका ब्राह्मणाने सुलतानावर फिर्याद केली आहे की अधिकाऱ्यांनी आपली जमीन बळकावली. काजी सुलतानाविरुद्ध निकाल देतो, आणि सुलतान भर लोकांत तो मान्य करतो. ब्राह्मणाला ५०० चांदीचे दिनार आणि नोकरी मिळते. राजा कायद्यापुढे मान झुकवतो, याहून मोठी जबाबदारी कोणती?

फक्त तो ब्राह्मण ब्राह्मण नाही. तो अझीज आहे. सुलतानाची घोषणा ऐकून त्याने जप्त झालेली जमीन मागच्या तारखेने विकत घेतली आणि विष्णुप्रसाद बनून फिर्याद लावली.

माझ्या वाचनात या प्रवेशाचा अर्थ 'सुधारणा व्यर्थ असतात' असा नाही. महंमदाला न्याय दिसलेला हवा आहे, आणि तो इतका हवा आहे की समोर उभा असलेला माणूस कोण, हे तो पाहत नाही. न्यायाच्या मूर्तीकडे पाहताना त्याची पाठ माणसांकडे होते. पुढच्या सगळ्या प्रवेशांत हेच घडत राहतं, फक्त मरणाऱ्यांची संख्या वाढते.

त्याच्या बाजूने अजून एक गोष्ट आहे. खोटी नाणी खजिन्यात परत घेऊन तो लोकांना चांदी देतो. गाड्याच्या गाड्या भरून खोटी नाणी येतात, आणि जिथे त्याने गुलाबांची बाग स्वप्नासारखी जपली होती तिथे त्यांचे ढीग लागतात. आपल्या चुकीचे पैसे त्याने मोजले. मेलेली माणसं मात्र तशी परत देता येत नव्हती. म्हणूनच तो हिशेब त्याने कधी मांडलाच नाही.

अझीज आणि घाशीराम या दोघांची तुलना कशी करावी?

मला विचाराल तर या दोन नाटकांची खरी तुलना इथेच आहे. राज्यकर्ता कसा आहे हे त्याच्या हाताखालच्या माणसाच्या शेवटावरून कळतं.

अझीज धोबी आहे, मग ब्राह्मण होतो, मग सरकारी नोकर, मग दरोडेखोर, आणि शेवटी खलिफाच्या वंशातल्या ग्यासुद्दीन अब्बासीला मारून त्याचे कपडे चढवतो. त्याच खोट्या पाहुण्याच्या आगमनाच्या निमित्ताने महंमद बंद केलेला नमाज पुन्हा सुरू करणार असतो. सोंग उघडं पडल्यावर अझीज गयावया करत नाही. आपण सुलतानाचे सर्वांत निष्ठावान शिष्य आहोत, असं तो ठासून सांगतो. तुमचं प्रत्येक फर्मान मी मनावर घेतलं आणि त्याप्रमाणे वागलो. महंमद त्याला मारत नाही. तो त्याला दख्खनमध्ये अधिकारपद देतो.

घाशीरामाला मात्र नाना दगडांखाली देतात.

असं का? महंमदाला अझीजमध्ये स्वतःचाच चेहरा दिसतो. आपली सगळी स्वप्नं दुसऱ्या टोकाने वाचणारा एकुलता एक वाचक त्याला भेटला आहे. त्याला शिक्षा करायची तर आधी स्वतःला करावी लागेल. शिवाय त्याला मारलं तर ज्याचे पाय सुलतानाने सगळ्यांसमोर धरले तो भामटा होता, हे जगजाहीर करावं लागेल. म्हणजे इथे कबुली आणि लपवाछपवी एकत्र आहेत. नानांना घाशीरामात स्वतःचं काहीच दिसत नाही. त्यांच्या लेखी तो एक वस्तू आहे, काम झालं की टाकून द्यायची. दोन्ही शेवट भयंकर आहेत. पहिल्यात गुन्हेगार वाचतो. दुसऱ्यात एक गुन्हेगार दुसऱ्याच्या वाट्याचीही शिक्षा भोगतो.

घाशीराम निर्दोष आहे असं मात्र कुणी लिहू नये. निखाऱ्यासारखा तापलेला गोळा संशयित ब्राह्मणाच्या हातावर ठेवून जो खरंखोटं ठरवतो, त्याची कीव करताना त्या हाताचीही आठवण ठेवायला हवी. आणि मुलीला विकण्याचा निर्णय त्याचा स्वतःचा होता.

दोन्ही नाटकांत आपली चूक खरोखर कबूल कोण करतं?

या प्रश्नाचं उत्तर मलाही अनेक वाचनांनंतर सापडलं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

महंमद कबुली देतो, पण एकांतात किंवा एखाद्या जवळच्या माणसासमोर. बाप आणि भाऊ मारल्याचंही तो सावत्र आईजवळ मान्य करतो आणि लगेच सांगतो की ते एका ध्येयासाठी केलं. नाना कुठेच कबुली देत नाहीत. गौरीच्या मरणाने पिसाळलेला घाशीराम जाब विचारायला येतो, तेव्हा ते देव, दैव आणि कर्तव्य यांच्या भाषेत त्याला थंड करतात. बापाला गप्प करायला इतकी पवित्र भाषा वापरलेली मी दुसरीकडे वाचलेली नाही.

मग उरतो तो घाशीराम. शेवटी तो जमावासमोर उभा आहे, एक हात बांधलेला, अंगावर दगड पडतायत. अशा वेळी तो स्वतःच 'मारा' म्हणतो. तुमच्या छातीवर नाचलो, पण माझ्या लेकीच्या जन्माची माती केली, त्याची शिक्षा मला मिळायलाच हवी, असा त्याच्या बोलण्याचा आशय. दोन्ही नाटकांत मिळून भर चौकात, लोकांच्या तोंडावर जबाब देणारा माणूस हा एवढाच. त्याच्या हाती आता कसलीच सत्ता उरलेली नाही.

सत्तेवर असताना कुणी जबाब दिला नाही. जबाब दिला तेव्हा सत्ता नव्हती. दोन्ही नाटकांच्या तुलनेवर मला एकच वाक्य लिहायला सांगितलं तर मी हे लिहीन.

लोकांची काही जबाबदारी आहे की नाही? सगळा दोष नेत्यावरच?

'घाशीराम'मध्ये तर आहेच. त्या नाटकात ब्राह्मणांची रांग हीच भिंत असते, तोच पडदा, तोच जमाव. ते नमन गातात, बावनखणीत, म्हणजे पुण्यातल्या कलावंतिणींच्या वस्तीत, जातात, पर्वतीवर दक्षिणेसाठी रांग लावतात, एका परक्याला चोर ठरवून मारतात, आणि शेवटी तेच दगड उचलतात. पाठ फिरवली की भिंत, तोंड वळवलं की गाव. काय पाहायचं आणि काय पाहायचं नाही, हे ही रांग ठरवते. गौरीचं काय होतंय हे अख्ख्या पुण्याला माहीत असतं, पण घाशीराम मोडेपर्यंत ते कुणाला अडत नाही. परप्रांतातले ब्राह्मण कोठडीत मेले तेव्हाच गाव उठतं. म्हणजे संताप खरा आहे, पण निवडक आहे. आपल्या आजच्या संतापाबद्दलही मला हीच शंका येते.

'तुघलक'मधले लोक वेगळे. तिथे गर्दीतले हिंदू, मुसलमान, तरुण, म्हातारे एकमेकांवर संशय घेत बोलतात. राजा सगळ्यांना समान मानतो, हेच त्यांना नको आहे. दोष त्यांचाही आहे, पण किंमत त्यांनी इतकी जास्त मोजली की मला त्यांच्याकडे बोट दाखवताना संकोच वाटतो.

या नाटकांतल्या स्त्रियांबद्दल फारसं का विचारलं जात नाही?

विचारलं पाहिजे. सत्तेची चूक शेवटी कुणाच्या अंगावर उतरते हे तिथेच दिसतं. तुघलकाची सावत्र आई त्याच्यावर माया करते, कारस्थानी वजीर नजीबला विष घालते, आणि तोच मुलगा तिला दगडांनी मारायची शिक्षा देतो, कारण कायदा सगळ्यांना सारखा. बापाच्या खुनाला ध्येयाची सवलत, आईला नाही. गौरीला तर बोलायलाही जवळपास जागा नाही. नाटकभर तिच्यावरून सौदे होतात आणि ती गप्प राहते. प्रयोग बसवणाऱ्यांनी तिचं गप्प असणं भरून काढायचा प्रयत्न करू नये. ते तसंच ऐकू यायला हवं.

महंमदाजवळ सल्लागार होते, नानांजवळ का नाहीत?

बरनी त्याला इतिहास आणि धर्म आठवून देतो, नजीब निव्वळ राजकारण सांगतो, सावत्र आई घरचं माणूस म्हणून अडवते. तिघांपैकी प्रत्येकाचं त्याने काही ऐकलं, काही टाळलं. शेवटी नजीब मेलेला आहे, आई मारली गेलेली आहे, आणि बरनी आपल्या आईच्या मृत्यूचं निमित्त सांगून निघून जातो. सुलतान सिंहासनावर झोपी जातो, अजानीच्या आवाजाने दचकून उठतो, आणि आपण कुठे आहोत हे त्याला कळत नाही.

नानांना अडवणारं कुणीच नाही. सूत्रधार आहे, पण तो हसतो, सोयीने बाजू बदलतो, आणि गातो.

दोन्ही नाटकांच्या बांधणीचा या विषयाशी काही संबंध आहे का?

खूप जवळचा आहे. कर्नाडांनी पारशी रंगभूमीची जुनी पद्धत वापरली. राजवाड्याची मोठी दृश्यं रंगमंचाच्या खोलीत, आणि मध्ये मागची सजावट बदलेपर्यंत पडद्यापुढच्या अरुंद पट्ट्यात साध्या माणसांची, बहुधा विनोदी दृश्यं. म्हणजे सत्ता आत, रयत बाहेर. नाटक जसं पुढे जातं तसा अझीज त्या बाहेरच्या पट्ट्यातून आत घुसत जातो आणि शेवटी थेट सुलतानासमोर येऊन बसतो. राजवाड्याच्या फर्मानाचं रस्त्यावर काय होतं, हे तो रस्ताच राजवाड्यात येऊन सांगतो.

तेंडुलकरांनी कीर्तन, पोवाडा, लावणी, दशावतार, तमाशा सगळं एकत्र ओतलं. जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, भास्कर चंदावरकरांचं संगीत, कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यं, नानांच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि घाशीरामाच्या भूमिकेत रमेश टिळेकर. अभंगाच्या चालीवर लावणी सरकते, आणि प्रेक्षक टाळी वाजवता वाजवता थबकतो. त्या गोडव्यात आपणही सामील होतो. नाना शेवटी उत्सव जाहीर करतात आणि पुन्हा नाच सुरू होतो, तेव्हा टाळी वाजवणारा आपलाच हात असतो.

'घाशीराम'वर एवढा वाद झाला तो कशावरून?

नानांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी झाली, या आक्षेपावरून. नाटक पहिल्यांदा करणाऱ्या पीडीएने (प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन) १९ प्रयोगांनंतर ते थांबवलं. त्यातल्या कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी काढली आणि पुढच्या वर्षी प्रयोग पुन्हा सुरू केले. १९८० च्या युरोप दौऱ्याआधीही विरोध झाला आणि प्रकरण न्यायालयात गेलं. मला या वादात एकच गोष्ट सलते: नानांच्या अब्रूबद्दल जितकं बोललं गेलं, तितकं गौरीबद्दल नाही.

परीक्षेत 'दोघांपैकी अधिक दोषी कोण' असं आलं तर काय लिहू?

जे वाटतं ते लिहा, पण 'दोघेही तितकेच' लिहून सुटका करून घेऊ नका. परीक्षकाला ते पळवाटेसारखं वाटतं, आणि ती पळवाटच असते.

माझं मत सांगतो. मेलेल्यांची संख्या मोजली तर महंमद जास्त दोषी. त्याच्या एका फर्मानाने एक शहर चालत निघालं. हेतू तपासला तर नाना, कारण त्यांना कुणाचं भलं करायचंच नव्हतं. पण मी तिसरी गोष्ट पाहतो: चुकीनंतर दुरुस्तीला जागा राहिली का? महंमदाच्या राज्यात निदान फिर्याद लावता येत होती, राजाविरुद्ध निकाल लागू शकत होता. ती वाट पुढे त्यानेच बुजवली, पण ती होती. नानांच्या पुण्यात दुरुस्तीचा एकच मार्ग उरला होता, तो म्हणजे जमाव. ज्या राज्यात दाद मागायची तर दगडच उचलावा लागतो, त्या राज्याच्या कारभाऱ्याला मी अधिक दोषी धरतो.

दिल्लीहून चालत आलेल्या त्या माणसांची बाजू घेऊन कुणी याच्या उलट लिहिलं, तरी मी पूर्ण गुण देईन.

कुठून सुरुवात करावी?

जमलं तर दौलताबादपासून. शाळेच्या सहलीत आपण अंधारीतून, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारातून, हात धरून जातो, वटवाघळांना घाबरतो, आणि बाहेर येऊन भेळ खातो. या वेळी जाण्याआधी 'तुघलक'चा आठवा प्रवेश वाचून जा. किल्ल्याच्या तटावर दोन पहारेकरी आहेत, एक तरुण, एक म्हातारा. तरुणाला किल्ल्याचं कौतुक आहे. म्हातारा दिल्लीहून चालत आलेला आहे. ती भुयारी वाट त्याला किल्ल्याच्या पोटात वेटोळं घालून बसलेल्या अजगरासारखी वाटते, आणि हा किल्ला पडलाच तर आतूनच पडेल असं तो म्हणतो. मग सुलतान येतो आणि त्या तरुणाचं वय विचारतो. आपण त्या वयात याच तटावर उभं राहून काय काय स्वप्नं पाहिली, हे तो सांगायला लागतो.

 म्हाताऱ्याला मात्र सुलतान काहीच विचारत नाही.